लहान ट्रॅक्टरची लिफ्ट तापते तेव्हा

मृगाचा पाऊस होऊन जमिनीस वापसा आला की पेरणीपूर्व मशागतीसाठी शेतकऱ्याच्या हाती फार थोडे दिवस असतात. याच दिवसांत लहान ट्रॅक्टरच्या लिफ्टविषयी एक तक्रार वारंवार ऐकू येते. सकाळी रोटाव्हेटर किंवा पेरणी यंत्र झटकन उचलले जाते. दुपारी मात्र तेच अवजार कसेबसे वर येते, मध्येच थरथरते किंवा उचललेच जात नाही. लिफ्टच्या आवरणास हात लावला तर चटका बसतो आणि तेलास करपट वास येतो. अशा वेळी बहुधा पंप खराब झाल्याचा निष्कर्ष काढला जातो. नवा पंप बसतो, खर्च होतो, दोन दिवस वाया जातात आणि पुष्कळदा तिसऱ्या दिवशी लिफ्ट पुन्हा पूर्वीसारखीच तापू लागते.

माणसाच्या अंगात ताप भरला तर ताप हा स्वतंत्र रोग नसून आत काही बिघडल्याची ती खूण असते. लिफ्टच्या तेलाचेही तसेच आहे. तेल कोठे व का तापते हे शोधून काढल्याखेरीज कोणताही भाग बदलणे म्हणजे अंधारात काठी मारण्यासारखे होय. या शोधातील बहुतेक पायऱ्या साध्या असून हत्यारांवाचून शेतकऱ्यास स्वतः करता येण्याजोग्या आहेत.

यंत्रणेचे कार्य

अवजारे ट्रॅक्टरच्या मागे तीन सांध्यांनी जोडून ती तेलाच्या दाबाने उचलण्याची पद्धत हॅरी फर्ग्युसन या अभियंत्याने विकसित केली. १९३६ साली निघालेल्या फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरवर आणि पुढे १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरवर ती बसविण्यात आली. आजच्या लहान ट्रॅक्टरांतील लिफ्टही मूलतः त्याच तत्त्वावर चालते.

इंजिनाच्या शक्तीवर चालणारा पंप गाळणीतून तेल ओढतो व ते नियंत्रण झडपेकडे ढकलतो. चालकाने लिव्हर वर केला की झडप तेलास सिलिंडरची वाट मोकळी करून देते. दट्ट्या सरकतो आणि बाहू अवजारासह वर येतात. ठरलेली उंची गाठताच बाहूंना जोडलेली दांडी झडपेस परत मधल्या स्थितीत आणते. मग सिलिंडरातील तेल कोंडून राहते आणि पंपाचे तेल जवळजवळ दाबाशिवाय टाकीत परतते. लिव्हर खाली केला की अवजाराच्या वजनानेच सिलिंडरातील तेल बाहेर पडते व अवजार उतरते. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून रिलीफ झडप असते. दाब वाढला की ती उघडते व जादा तेल टाकीकडे सोडते.

बहुतेक लहान ट्रॅक्टरांत लिफ्टसाठी निराळी टाकी नसते. गिअर पेटीतील तेलच लिफ्टला पुरविले जाते. तेल थंड करण्याची स्वतंत्र सोयही सहसा नसते. पेटीच्या लोखंडी अंगातून उष्णता बाहेर जाईल तेवढीच. या दोन गोष्टी पुढील तपासणीत महत्त्वाच्या ठरतात.

उष्णता येते कोठून

दाबाखालील तेलाने काम केले तर त्याची शक्ती कामी येते. तेच तेल काम न करता अरुंद वाटेने निसटले तर ती सारी शक्ती उष्णतेत रूपांतरित होते. लिफ्ट तापण्याच्या बहुतेक कारणांचे मूळ या एकाच नियमात आहे.

उदाहरणादाखल, एखाद्या लहान ट्रॅक्टरचा पंप मिनिटास १५ लिटर तेल देतो आणि रिलीफ झडप दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलो दाबास उघडते असे समजावे. पंपाचे सर्व तेल या झडपेतून जाऊ लागले तर सुमारे पावणेचार किलोवॅट, म्हणजे जवळजवळ ५ अश्वशक्ती, उष्णतेत जाते. वीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टराची ही चौथाई शक्ती झाली. पेटीत २० लिटर तेल असेल तर बाहेर जाणारी उष्णता सोडून त्याचे तापमान दर मिनिटास सुमारे ६ अंशांनी वाढते. पस्तीस अंशांवरचे तेल अशा रीतीने दहा मिनिटांत नव्वद अंशांच्या पलीकडे जाऊ शकते.

याउलट ३०० किलो वजनाचे अवजार ६० सेंटिमीटर उचलण्यास इतकी थोडी शक्ती लागते की, वर सांगितलेल्या पंपाचे तेल रिलीफ झडपेतून अर्धा सेकंद वाहिले तरी तेवढी शक्ती वाया जाते. यावरून हे स्पष्ट होईल की, शेताच्या टोकाला वळताना अवजार वारंवार उचलल्यामुळे निरोगी लिफ्ट फारशी तापत नाही. उचलण्याचे काम संपल्यावरही जेथे दाब खर्च होत राहतो, तेथेच दोष शोधावा.

तेल तापल्याने काय बिघडते

तेल तापले की पातळ होते. चाळीस अंश सेल्सिअसला ज्या तेलाची श्यानता ६८ सेंटिस्टोक असते, तेच १०० अंशांना ९ च्याही खाली येते. असे पातळ तेल पंपाच्या दातांमधून, झडपेच्या फटींतून व दट्ट्याच्या सीलजवळून सहज निसटते. निसटल्याने ते अधिक तापते आणि अधिक तापल्याने अधिक निसटते. सकाळी चालणारी लिफ्ट दुपारी थकते याचे कारण हेच होय.

तेल ८० अंशांच्या वर दीर्घकाळ राहिले तर ते लवकर जुने होते आणि रबरी सील कडक होऊन चिरतात. तापमान दर १० अंशांनी वाढले की तेल खराब होण्याचा वेग साधारणतः दुप्पट होतो. लिफ्ट अजून उचलते आहे म्हणून हंगाम तसाच रेटल्यास आज थोडक्यात दुरुस्त होणारा दोष हंगामाअखेर पंप, झडप व सील या तिघांनाही भोवतो.

तपासणीपूर्वी घ्यावयाची काळजी

उचललेल्या अवजाराखाली कोणीही कदापि जाऊ नये. आत शिरणे अपरिहार्य असेल तर अवजाराखाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. केवळ तेलाच्या दाबावर विसंबू नये. कोणताही जोड सोडण्यापूर्वी अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे व लिव्हर एकदोन वेळा खालीवर करून उरलेला दाब काढून टाकावा. तेल गरम असल्यास ते निवू द्यावे.

नळीतील सूक्ष्म छिद्र बोटाने चाचपू नये. दाबाखालील तेलाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी आतील मांस सडण्याचा धोका असतो. असा प्रसंग आल्यास वेळ न घालविता रुग्णालयात जावे व तेल आत शिरल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती पाहण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा नळीजवळून फिरवावा; त्यावर डाग उमटतो.

तपासणीचा क्रम

१. उष्णता लिफ्टचीच आहे काय? पेटी सामाईक असल्याने गिअर किंवा ब्रेक यांची उष्णताही त्याच तेलात येते. तेल थंड असताना अवजार काढून ठेवावे, लिव्हर खाली ठेवावा व ट्रॅक्टर अर्धा तास रस्त्यावर चालवावा. एवढ्यानेही तेल फार तापले तर दोष लिफ्टमध्ये नसण्याचा संभव मोठा. चालकाचा पाय ब्रेकवर टेकून राहतो काय, ब्रेक पूर्ण सुटतात काय, हे प्रथम पहावे. ज्या ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात त्यांत घासत राहणारे ब्रेक तेल लवकर तापवितात.

२. तेलाची पातळी व रंग. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, बाहू पूर्ण खाली सोडून व इंजिन बंद करून पट्टीवर पातळी पहावी. तेल कमी असेल तर तेच थोडे तेल वारंवार फिरते, त्यास निवण्यास वेळ मिळत नाही आणि पंप हवा ओढतो. तेल प्रमाणाबाहेर भरल्यास गिअर ते घुसळतात व त्यानेही उष्णता वाढते. दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरल्याची खूण. कोकणात व मावळात भातखाचरांच्या चिखलणीनंतर असे तेल विशेषेकरून पहावे. फेस म्हणजे हवा. काळा रंग व करपट वास म्हणजे तेल पूर्वीच जळाले आहे. दुधाळ किंवा जळालेले तेल बदलण्यावाचून गत्यंतर नाही. मात्र पाणी कोठून शिरले हे न शोधता तेल बदलणे व्यर्थ होय.

तेल ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच असावे. इंजिनात घालून उरलेले किंवा स्वस्त मिळालेले तेल त्यात मिसळू नये. तेलात बुडालेल्या ब्रेकांच्या ट्रॅक्टरांस तर त्यासाठीच बनविलेले तेल लागते.

३. लिव्हर व आवाज. ही तपासणी सर्वांत सोपी असून तीच बहुधा वगळली जाते. अवजार जोडून लिव्हर अगदी वरच्या टोकास न्यावा, इंजिन मध्यम वेगाने चालू ठेवावे व कान देऊन ऐकावे. बाहू वर पोहोचल्यावर आवाज शांत व्हावयास हवा. तसे न होता सतत घरघर किंवा सूं असा आवाज येत राहिला आणि इंजिनावर किंचित भार जाणवला तर रिलीफ झडप उघडी राहून तेल वाया जात आहे असे समजावे. आता लिव्हर बोटभर खाली घ्यावा. अवजार जवळपास तेथेच राहून आवाज थांबला तर दोषाचे स्थान सापडलेच.

या दोषाचा अर्थ असा की, झडप मधल्या स्थितीत येण्यापूर्वीच बाहू अडतात आणि पंप बंद दारावर धडका देत राहतो. लिव्हरची वरची अटक सरकलेली असते किंवा बाहूंपासून झडपेकडे येणारी दांडी वाकलेली वा चुकीच्या मापास लावलेली असते. कधी साखळ्या फार आखूड असतात, तर कधी अवजाराचा एखादा भाग ट्रॅक्टरला टेकतो किंवा पी.टी.ओ. चा दांडा पूर्ण मिटून अडतो. अडथळा असल्यास तो दूर करावा. दांडीचे माप जाणत्या मिस्त्रीकडून पुस्तिकेप्रमाणे लावून घ्यावे. तोवर लिव्हर शेवटच्या टोकापर्यंत न नेण्याची सवय ठेवावी. एवढ्यानेच त्या दिवसाचे काम पार पडू शकते. असा दोष असताना नवा पंप बसविला तर तो बंद दारावर अधिक जोराने धडका देतो आणि तेल पूर्वीपेक्षा लवकर तापते.

४. कोणता लिव्हर वापरावा. ज्या ट्रॅक्टरांस पोझिशन व ड्राफ्ट असे दोन लिव्हर असतात तेथे नांगरासारख्या ओढीच्या अवजारास ड्राफ्ट आणि रोटाव्हेटर, पेरणी यंत्र इत्यादींस पोझिशन लिव्हर वापरावा. रोटाव्हेटर चालविताना ड्राफ्टचा लिव्हर मध्येच राहिला तर लिफ्ट विनाकारण वरखाली होत राहते व तेल तापते.

५. पंप हवा ओढतो काय? किंचाळल्यासारखा बारीक आवाज आणि तेलावर फेस ही हवा ओढली जात असल्याची लक्षणे होत. ओढीच्या बाजूच्या सैल जोडातून तेल बाहेर येईलच असे नाही. हवा मात्र आत जाते. म्हणून त्या बाजूच्या नळीच्या प्रत्येक जोडावर पाळीपाळीने ग्रीस लावावे. ज्या जोडावर ग्रीस लावताच आवाज मंदावतो तो जोड सदोष असतो. जोड घट्ट असूनही आवाज राहिला तर गाळणी तुंबलेली असावी. गाळणी काढून रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवावी, जाळी फाटली असल्यास बदलावी. गाळणीवर चिकटलेला कचरा फेकण्यापूर्वी न्याहाळावा. पितळेचे वा लोखंडाचे चकचकीत कण दिसले तर आत काही झिजत आहे. रबराचे काळे तुकडे दिसले तर सील तुटले आहे.

६. आतील गळती. इंजिन चालू असताना व लिव्हर न हलविताही उचललेले अवजार थोडे खाली येते आणि झटक्याने पुन्हा वर जाते, असे वारंवार होत असेल तर कोंडलेले तेल आत कोठे तरी निसटत आहे. याची खात्री करण्यासाठी अवजार उचलून इंजिन बंद करावे. खालच्या बाहूच्या खिळीची जमिनीपासूनची उंची मोजावी व दहा मिनिटांनी पुन्हा मोजावी. ही चाचणी एकदा तेल थंड असताना व एकदा गरम असताना करून दोन्ही मापे लिहून ठेवावीत. थंडपणी उंची टिकते व गरमपणी झपाट्याने घटते, असे आढळल्यास सील किंवा झडप झिजली आहे, अथवा तेल प्रमाणापेक्षा पातळ आहे. दट्ट्याचे सील बदलणे व झडप तपासणे हे काम मिस्त्रीचे. परंतु ही मापे त्यास दाखविल्यास पंप खोलण्याची गरज बहुधा राहत नाही.

७. ट्रॉली व बाहेरील जोड. ट्रॉली पूर्ण उलटल्यावरही लिव्हर धरून ठेवला तर तेल रिलीफ झडपेतूनच जाते. म्हणून ट्रॉली टोकास पोहोचताच लिव्हर सोडावा आणि तो आपोआप मधल्या स्थितीत येतो हे पहावे. नळीचा झटपट जोड अर्धवट बसला असेल तर तेलाची वाट अरुंद होते आणि तो जोडच प्रथम तापतो. ट्रॉलीचा सिलिंडर बरेच तेल सामावून घेत असल्याने ट्रॉली उचलली असता पेटीतील पातळी उतरते. पुस्तिकेत त्यासाठी जादा तेल सांगितले असल्यास ते घालावे. परंतु पातळी ट्रॉली खाली असतानाच पहावी.

८. पंप. वरील सर्व तपासण्या झाल्यावरच पंपाकडे वळावे. कार्यशाळेत दाबमापक लावून गरम तेलावर पंपाचा दाब व मिनिटास मिळणारे तेल मोजता येते. पंप झिजला असेल तर अवजार सावकाश उचलले जाते, इंजिनाचा वेग वाढविला की जलद उचलले जाते आणि तेल तापेल तसतसा हा फरक वाढतो. ही मोजणी केल्याशिवाय नवा पंप विकत घेऊ नये.

रिलीफ झडप कसू नये

लिफ्ट कमी उचलते म्हणून रिलीफ झडपेचा स्क्रू आवळण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती अत्यंत घातक होय. दाबाची मर्यादा नळ्या, सिलिंडर व बाहू यांच्या बळास अनुसरून ठरविलेली असते. ती वाढविल्याने नळी फुटणे, सिलिंडरास तडा जाणे किंवा पंपाचा दांडा मोडणे संभवते. आणि झडप उघडेल तेव्हा पूर्वीपेक्षा अधिक उष्णता निर्माण होते. अवजार पेलत नसेल तर ते ट्रॅक्टरच्या मानाने जड आहे काय हे पहावे. वजनाइतकेच अवजाराचे ट्रॅक्टरपासूनचे अंतरही महत्त्वाचे असते. तेच वजन जितके मागे जाईल तितका लिफ्टवरील भार वाढतो.

नेहमीची निगा

नाशिक व सांगली भागांतील द्राक्षबागांत, तसेच इतर फळबागांत, लहान ट्रॅक्टर दिवसभर दाटीतून हळू चालतो व त्यास वारा कमी लागतो. विदर्भात मे महिन्यात हवाच ४५ अंशांच्या आसपास जाते; अशा वेळी तेलाची उष्णता हवेत जाण्यास वाव थोडा राहतो. म्हणून पेटीच्या व लिफ्टच्या अंगावर चिखल, धूळ व तेल यांचे पुट साचू देऊ नये. हे पुट गोधडीप्रमाणे उष्णता आत कोंडते. मात्र धुताना हवा खेळण्याच्या भोकावर पाण्याची धार मारू नये. ते भोक स्वच्छ व मोकळे ठेवावे.

तेल व गाळणी पुस्तिकेत दिलेल्या तासांना बदलावी. चिखलणीचे काम झाले असल्यास त्याआधीही तेल पहावे. तेल ओतताना नरसाळे व डबा स्वच्छ असावा, कारण पंपास शत्रू म्हणून धुळीचा कण पुरेसा असतो. काढलेले तेल शेतात, ओढ्यात वा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्या अधिकृत व्यावसायिकास द्यावे.

दुरुस्ती झाल्यानंतर अर्धा तास नेहमीचे काम करून लिफ्टची उंची टिकण्याची चाचणी पुन्हा घ्यावी व ते माप पूर्वीच्या मापाशेजारी वहीत लिहावे. हे काम उन्हाळ्यात, नांगरट आटोपल्यावर व मृगापूर्वी उरकावे. त्या वेळी मिस्त्रीस सवड असते, सुटे भाग मिळतात आणि एखादा दिवस मोडला तरी पेरणी चुकत नाही. वापसा आल्यावर मात्र जमीन कोणासाठी थांबत नाही.